शांत बसण्याचं औषध

दंगा करणाऱ्या पोरांची मला कधीच भीती वाटली नाही. मी शाळेची व्हॅन चालवते. मागे पोरं केकाटत असतात, एकमेकांच्या झिंज्या ओढत असतात, कुणीतरी कुणाची तरी चप्पल खिडकीबाहेर धरलेली असते आणि मी पुढे निवांत गिअर टाकत असते. आवाज आहे म्हणजे सगळं ठीक आहे. मागून आवाज येईनासा झाला की मात्र मी आरशात बघते. गप्प झालेल्या पोराला एक तर उलटी येत असते, नाहीतर कुणीतरी त्याला काहीतरी केलेलं असतं. म्हणूनच माझी भाची शांत झाली तेव्हा घरातले सगळे हरखले आणि मी एकटी घाबरले.

तिला आम्ही भिंगरी म्हणतो. पाळण्यातलं नाव वेगळं आहे, पण त्या नावानं हाक मारली तर ती मागे वळून बघते की कुणाला बोलावताहेत. माझ्या भावाची ही एकुलती एक. दादाचं फोटो आणि चित्रं फ्रेम करायचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे राहायच्या खोल्या, मधे दार म्हणून एक पडदा. दुकानात भिंतीला टेकून काचांचे मोठमोठे तावच्या ताव उभे असतात, मधोमध ब्लँकेट अंथरलेलं काच कापायचं टेबल, आणि वर टांगलेल्या लाकडी पट्ट्या. अशा घरात देवानं ही मुलगी धाडली. पडद्यातून ती सुसाट आत शिरायची, टेबलाखालून सरपटत निघायची, जाता जाता एका काचेवर बोटांनी ताल धरायची. दादा हातातली काच छातीशी धरून डोळे मिटायचा आणि ती गेली की उघडायचा.

मग एक दिवस ती खरोखरच काचांच्या रांगेवर जाऊन आदळली. सगळी रांग खाली आली. आम्ही धावलो तर ही त्या चुऱ्याच्या मधोमध उभी, अंगावर ओरखडासुद्धा नाही, आणि म्हणते, “केवढा मोठा आवाज झाला ना बाबा?” वहिनी तिच्या अंगावरून पुन्हापुन्हा हात फिरवत होती, रक्त कुठे आहे ते शोधत. मी सांगते, त्या दिवसापासून आमच्या घरात भीती मुक्कामाला आली.

डॉक्टर झाले. मुलांच्या अशा गोष्टी बघणारे वेगळे डॉक्टर असतात, त्यांनी तिला खेळू दिलं, चित्रं काढू दिली, शाळेतल्या बाईंना प्रश्न पाठवले आणि शेवटी सांगितलं, एडीएचडी आहे. मुलगी हुशार आहे, खोडसाळ नाही, तिचं डोकं एका जागी थांबत नाही इतकंच. रोज सकाळी एक गोळी, शिवाय तिच्याशी कसं वागायचं याच्या काही गोष्टी. फरक पडायला वेळ लागेल, धीर धरा.

धीर धरा म्हणायला काय जातं. गोळीनं थोडा फरक पडला, पण थोडाच. आमच्या घराला चमत्कार हवा होता.

चमत्कार आणला अण्णांनी. अण्णा म्हणजे माझे आणि दादाचे वडील. दुकानात एका कोपऱ्यात बसून पट्ट्यांना पॉलिश मारणं आणि जगाला सल्ला देणं ही त्यांची दोन कामं. एका जेवणाच्या वेळी ते म्हणाले, “मी काय ऐकलंय माहितीये का? अशा पोरांना कॉफी द्यायची. आपल्याला तरतरी येते, पण ही पोरं उलट शांत होतात. त्या गोळीचंही तेच आहे म्हणे, तीही तरतरीचीच. मग रोज ते रसायन घालण्यापेक्षा घोटभर कॉफी काय वाईट?”

“कुठे ऐकलंत?” मी विचारलं.

“केस कापायला गेलो होतो तिथे.”

वहिनीनं वाटी खाली ठेवली. ती बस डेपोत तिकीट खिडकीवर बसते. दिवसभर लोकांशी डोकं लावून आलेली असते, त्यामुळे घरी ती एकदाच बोलते आणि ते शेवटचं असतं. “मी डॉक्टरांना आधीच विचारलंय,” ती म्हणाली. “मुलांना कॉफीचा म्हणावा असा उपयोग होत नाही. आणि गोळीवर कॉफी तर अजिबात नाही, दोन्ही मिळून छातीत धडधड वाढवतात. माझ्या मुलीच्या पोटात कॉफीचा थेंब जाता कामा नये. कळलं ना सगळ्यांना?”

सगळ्यांना कळलं. दादानं मान डोलावली, अण्णांनी “बरं बाई” म्हटलं, माझा तर काही म्हणायचा प्रश्नच नव्हता. विषय संपला असं मी धरून चालले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत भिंगरी शांत व्हायला लागली. आधी शाळेतून येणारे बाईंचे फोन थांबले. मग दुपारी ती दुकानात स्टुलावर बसून राहू लागली. मग संध्याकाळी अण्णांसमोर वही उघडून सलग पाढे लिहू लागली. वहिनीच्या कपाळावरची आठी गेली. दादा गुणगुणत काच कापू लागला. गोळी लागू पडली, असं सगळे एकमेकांना सांगत होते, आणि सांगताना प्रत्येकाच्या चेहऱ्यावर एक मिश्कील समाधान असायचं, जणू खरं गुपित आपल्यालाच ठाऊक आहे. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही.

मला दिसत होतं ते वेगळंच. ती बसायची ती दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. तोंडातल्या तोंडात दात खायची. नखं कुरतडून बोटं लाल झाली होती. ताटात जेवण तसंच राहायचं. ती माझ्याच खोलीत झोपते, सकाळी उठवायला जावं तर ही आधीच टक्क जागी, छताकडे बघत. व्हॅनमध्ये तर तिनं बोलणंच टाकलं. आणि ही कोण? जिच्या पोटात तीळ भिजत नाही ती. “माझी आत्या झोपेत ट्रकसारखी घोरते,” हे तिनं सगळ्या व्हॅनला सांगितलं होतं. तुमचं चित्र बाबांना भयंकर वाटलं, हे एका गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगितलं होतं. ती मुलगी आता खिडकीतून बाहेर बघत ओठ घट्ट मिटून बसायची.

मी घरी बोलले. “मला हिचं लक्षण ठीक दिसत नाही. ही शांत नाहीये, ही दाबून बसलीये.”

“तुला सुख बघवत नाही,” दादा हसत म्हणाला.

“आत्याबाईंना गोंगाटाची सवय झालीये,” अण्णा म्हणाले.

वहिनी हसली नाही. ती उठून मोरीकडे गेली आणि भांडी आपटत राहिली. मला वाटलं, माझा राग आला असेल.

मग तो शनिवार उजाडला. शाळेला सुट्टी, वहिनीलाही सुट्टी. दादाला एका मोठ्या चित्राची ऑर्डर होती आणि त्यासाठी दुकानातला सगळ्यात मोठा काचेचा ताव टेबलावर घ्यायचा होता. असा ताव कापताना काचेवर रेघ मारायचा हिरा एका दमात, एका रेषेत ओढावा लागतो. मधे हात थांबला किंवा कुणाचा धक्का लागला की काच कुठेही जाते, कधी हातात, कधी मानेत. सकाळीच दादानं भिंगरीला समोर उभं केलं आणि म्हणाला, “आज मोठी काच आहे. आज तू दगड. अजिबात हलायचं नाही. जमेल?”

तिनं मान हलवली, मग हलले म्हणून घाबरून मान थांबवली. आम्ही सगळे हसलो. मीही हसले.

दुपारच्या सुमाराला मी बाहेर गल्लीत व्हॅन धूत होते. फडकं आणायला दुकानात शिरले. दादा टेबलावर वाकलेला, हिरा काचेला लावलेला. अण्णा कोपऱ्यात हातातला ब्रश धरून श्वास रोखून बघत होते. भिंगरी स्टुलावर होती. हात मांड्यांखाली, पाठ ताठ. तिच्याकडे बघितलं आणि मी दारातच थबकले. चेहरा राखेसारखा झाला होता. ओठांवर घाम. आणि मानेवरची शीर इतक्या जोरात उडत होती की मला दारातून दिसली. गाडी न्यूट्रलमध्ये उभी करून कुणी पाय अॅक्सिलरेटरवर दाबून धरला की बॉनेट जसं थरथरतं, तशी तिची छाती थरथरत होती. बाकी शरीर जागच्या जागी.

मी हाक मारणार तोच ती ओकली. उठली नाही, वाकली नाही, तोंडावर हातही नेला नाही. तशीच ताठ बसून स्वतःच्या अंगावर ओकली, आणि डोळे दादाच्या हाताकडे.

“दादा, थांब,” मी म्हटलं.

“मधे बोलू नकोस,” तो वर न बघता म्हणाला.

मी धावत जाऊन तिला उचललं. दादाचा हात थांबला आणि काच मोडल्याचा आवाज आला. माझ्या कडेवर ती रडायला लागली, “मी नाही हलले बाबा, आत्यानं हलवलं.” तिच्या छातीवर माझा तळवा होता. खाली ठोके मोजता येत नव्हते, ते एकमेकांत मिसळले होते, आणि मधेच एक ठोका यायचाच नाही. त्या रिकाम्या जागेत मी अशी लटकून राहायचे की पुन्हा येतोय की नाही. एवढी मी आयुष्यात कधी घाबरले नव्हते. तिच्या फ्रॉकवर सगळं तपकिरी झालं होतं, आणि वास मला लगेच कळला. कॉफीचा.

विचारायला वेळ नव्हता. वहिनी आतून धावत आली, दादानं मुलीला घेतलं, अण्णा एका पायात चप्पल घालून व्हॅनमध्ये चढले. एवढे सगळे मागे बसलेले आणि मागून एकही आवाज नाही. मी आरशात बघितलं. तिघं तिच्याकडे बघत होते, पण एकमेकांकडे कुणीच बघत नव्हतं.

हॉस्पिटलात तिला पडद्यामागच्या पलंगावर घेतलं, छातीला वायरी चिकटवल्या. डोक्याशी एक स्क्रीन लागला, त्यावर हिरवी रेघ उड्या मारू लागली. डॉक्टर तरुण बाई होत्या, आवाज शांत. मला त्या शांत आवाजाचीच भीती वाटली.

“रोजचं औषध?”

वहिनीनं गोळीचं नाव सांगितलं. “सकाळी एकच. डबी माझ्याच पर्समध्ये असते.”

“आणखी काय गेलंय पोटात? सर्दीचं औषध, एखादं थंड पेय, कॉफी?”

“नाही,” वहिनी म्हणाली. प्रश्न पुरा व्हायच्या आत म्हणाली.

दादा फरशीकडे बघत होता. अण्णा खोकले. डॉक्टर भिंगरीकडे वाकल्या. “बाळा, तू काय प्यायलीस?”

भिंगरीनं ओठ आत ओढून घेतले. सगळं अंग थरथरत होतं, दात वाजत होते. “सांगायचं नाहीये,” ती म्हणाली.

“कुणी सांगितलं, सांगायचं नाही म्हणून?”

“तेपण सांगायचं नाहीये.”

डॉक्टर सरळ उभ्या राहिल्या. “हिचे ठोके फार जास्त आहेत आणि मधेमधे चुकताहेत. काय गेलंय आणि किती गेलंय ते कळलं तर मला पुढचं ठरवता येईल. इथे कुणी कुणाला रागावणार नाही.”

मी रागावणार होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी म्हटलं, “तिच्या अंगाला कॉफीचा वास येतोय. तुमच्यापैकी कुणी बोलणार आहे, की मुलगी गेल्यावर बोलणार?”

दादाला तोंड फुटलं. “मी देतो,” तो म्हणाला. “दुपारी. छोटा कप, काळी. ती काचांपाशी असते ना… प्यायली की बसून राहते. आजही दिली. आज जरा कडक.”

वहिनी त्याच्याकडे वळली. मला वाटलं आता ही त्याला फाडून खाणार. पण ती नुसती बघत राहिली, आणि तिच्या डोळ्यांत राग नव्हता, धसका होता. तेवढ्यात अण्णा म्हणाले, “मीही देतो. संध्याकाळी, अभ्यासाच्या आधी. आज सुट्टी म्हणून सकाळीच बसवलं होतं अभ्यासाला.” त्यांनी दादाकडे बोट केलं. “मला काय माहीत हाही देतो म्हणून.”

वहिनीनं पर्समधली गोळ्यांची डबी बाहेर काढली आणि पुन्हा आत टाकली.

“दुधात,” वहिनी म्हणाली. इतक्या हळू की डॉक्टरांना पुन्हा विचारावं लागलं. “सकाळी दुधात घालते. शाळेतून सांगितलं होतं, असंच चाललं तर दुसरी शाळा बघा. एकदा घालून बघितली. बाईंचा फोन आला नाही. मग… रोजच.” ती भिंतीला टेकली. “मीच तर सगळ्यांना नको म्हटलं होतं. मला वाटलं, मी एकटीच देतेय, एवढंसं तर देतेय.”

म्हणजे तिघंही आपापल्या कपाला श्रेय देत बसले होते. आणि तिघांनी त्या पोरीला वेगवेगळं जवळ घेऊन सांगितलं होतं, हे आपलं गुपित, कुणाला बोलायचं नाही हं. जिला स्वतःचं एक गुपित कधी जपता आलं नाही, तिनं तिघांची तीन जपली होती.

डॉक्टरांनी कप केवढा, पावडर किती, सगळं विचारून घेतलं. मग मान हलवली. “गोळी आणि हे मिळून त्रास होणारच. पण एवढ्यानं असं नाही होणार. अजून काहीतरी आहे.”

तेव्हा त्या तिघांनी एकमेकांकडे बघितलं. ती नजर मी विसरणार नाही. प्रत्येकाला वाटत होतं, दुसरा अजून काहीतरी लपवतोय. नवरा बायकोकडे तसं बघत होता, सून सासऱ्याकडे. मधे पलंगावर मुलीच्या छातीतला घोडा उधळलेला, आणि हे एकमेकांच्या तोंडावर खोटं शोधत होते.

दादा तिच्याजवळ गेला. “भिंगरी, माझं गुपित संपलं. सांग तू.” मागोमाग अण्णांनी सांगितलं, वहिनीनंही सांगितलं, सांगताना तिचा आवाज फुटला. भिंगरी तिघांचं ऐकून म्हणाली, “तुमचं तर तुम्ही सांगितलंत ना.” आणि पुन्हा ओठ मिटले.

मी वाकले. “माझं आणि तुझं काही गुपित आहे का गं?”

तिनं विचार केला. “नाही.”

“मग माझ्याशी बोलायला काय हरकत आहे?”

ती माझ्या कानाशी आली. तोंडाला कडवट वास येत होता. “मी डब्यातली खाल्ली,” ती म्हणाली. “तशीच. चमच्यानं. खूप चमचे. गिळत नव्हती, मग पाणी पिऊन गिळली.”

“अगं पण का?”

“आज मोठी काच होती ना. मला आतून फार हलायला होत होतं. एका कपानं नाही पुरत आता. मी हलले असते तर बाबांना काच लागली असती.” मग जरा थांबून म्हणाली, “आत्या, आत कुणीतरी दार ठोठावतंय गं. रोज ठोठावतं. मला भीती वाटते.”

मी ते मोठ्यानं डॉक्टरांना सांगितलं. एकेक शब्द सांगितला, त्या तिघांना ऐकू जाईल असाच सांगितला. दादा खाली बसला, तिथेच, पलंगाच्या पायाशी. त्यानं दगड हो म्हटलं होतं आणि ती व्हायला निघाली होती.

डॉक्टरांचा आवाज तेवढाच शांत राहिला, पण पाय भराभर चालायला लागले. दुसऱ्या डॉक्टरांना बोलावणं गेलं, सलाइनमध्ये इंजेक्शन दिलं, आम्हाला भिंतीकडे सरकवलं. हिरवी रेघ एकदा अशी काही वेडीवाकडी झाली की नर्सनं डॉक्टरांकडे बघितलं आणि डॉक्टरांनी तिच्याकडे. वहिनीनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की तिची नखं रुतली. तिच्या तोंडून फक्त “हिला काही होऊ देऊ नका” एवढंच येत होतं, कुणाला उद्देशून ते तिलाही माहीत नव्हतं. रेघ पुन्हा जागेवर आली. पुन्हा बिघडली. पुन्हा आली.

“हिला आत ठेवावं लागेल,” डॉक्टर म्हणाल्या. “पुढचे काही तास लक्ष ठेवायचंय. आत्ताच काही सांगत नाही.”

आम्हाला जवळ जाऊ दिलं तेव्हा ती उताणी पडली होती. हात अंगाशी चिकटवलेले, गुडघे जुळवलेले, बोटं आवळलेली. इतकी ताठ की अंगावरच्या चादरीला सुरकुती नव्हती. डोळे तेवढे इकडून तिकडे धावत होते. नर्स वायरी नीट करत होती. तिनं भिंगरीच्या मुठीवर थाप मारली.

“अशी कडक नको गं राहूस. अंग सैल सोड. हललं तरी चालतं.”

भिंगरीनं आधी तिच्या बाबांकडे बघितलं, मग आजोबांकडे, मग आईकडे. तिघंही रडत होते. “हल ना बाळा,” दादा म्हणाला, “हवं तेवढं हल.” तिचा विश्वास बसला नाही. वहिनीनं वाकून तिची एक मूठ उघडायचा प्रयत्न केला, ती उघडली आणि लगेच मिटली.

“किती हलू?” तिनं विचारलं. “तुम्ही रागावणार नाही असं, किती?”